सू, शी आणि सोसायटी

कुत्र्याचं पिल्लू घरी आणण्याआधी माणसं पुष्कळ गोष्टी ठरवून ठेवतात. नाव काय, झोपणार कुणाच्या खोलीत, गणपतीला कोकणात जाताना कुणाकडे सोडायचं, अंडं द्यायचं की नाही. (हा शेवटचा निर्णय मीरा-भाईंदरमध्ये पिल्लाच्या प्रकृतीवर नाही, मजल्यावरच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो.) पट्टा येतो, वाडगा येतो, चावायला रबराचं हाड येतं. पण उंबरा ओलांडल्यावर पिल्लू जो पहिला प्रश्न विचारतं तो यांतल्या कशाबद्दलच नसतो. ते एवढंच विचारतं, "कुठे?" उत्तराची वाट पाहत थांबण्याची सोय निसर्गाने त्या वयात केलेली नसते. त्यामुळे ते स्वतःच उत्तर देतं आणि मोकळं होतं.

आमच्याकडे हे उत्तर सोफ्याच्या पायाशी मिळालं. देणारी चकली. गावठी जात, काळा रंग, पांढरे मोजे, आणि कन्येने भर पावसात रिक्षा स्टँडवरून उचलून आणलेली. बसण्याआधी ती स्वतःभोवती गोल गोल फिरते म्हणून नाव चकली. हे फिरणं म्हणजे खरं तर सरळ सरळ सूचना असते. पण घरातल्या चार माणसांपैकी तिघं "अय्या, कशी फिरतेय बघा" म्हणत मोबाइल काढतात, आणि चौथा चष्मा शोधतो. तिसरा वेढा पूर्ण झाला की मुदत संपते.

या प्रकाराला इतर शहरांतली माणसं हसली तर हसोत, मीरा-भाईंदरकरांनी हसू नये. आमच्या शहराच्या वाढीत 'कुठे?' या प्रश्नाचा मोठा वाटा आहे. मिठागरं, खाजणं आणि भातशेती यांच्यामध्ये इमारती उठू लागल्या तेव्हा गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून माणसं इथे आली, ती काही खाडीचा वारा खायला आली नव्हती. बिल्डरच्या पत्रकात 'सेल्फ कंटेन्ड' असं छापलेलं असायचं. बाकी पत्रक खोटं निघालं तरी चालेल, हे दोन शब्द खरे निघावेत एवढीच बायकामाणसांची अपेक्षा. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला. सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. आतल्याने खाकरायचं, बाहेरच्याने कडी वाजवायची, आणि या दोन आवाजांतून एकमेकांची निकड ओळखायची. तिथून उठून आलेल्या माणसाला घरातल्या घरात, स्वतःची कडी असलेला संडास मिळाला. २००२ साली इथे महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. आठ लाख लोकांनी आपापली कडी लावून घेतली तेव्हा कुठे हे शहर निवांत बसलं.

आईचं अर्धं आयुष्य लालबागला त्या रांगेत गेलेलं. सोफ्याच्या पायाशी साचलेलं तळं बघून ती म्हणाली, "घरात संडास असावा म्हणून आपण लालबाग सोडलं. घराचाच संडास व्हावा म्हणून नाही."

यावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी चकलीला तपासलं आणि आम्हाला समजावलं. तीन आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शी-सू होतच नाही. सगळं ती करवते, सगळं तीच साफ करते. म्हणजे पिल्लाच्या आयुष्याची सुरुवातच मुळी 'आई बघेल' या तत्त्वावर होते. पुढे ठोकताळा असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं दोन तास, तीन महिन्यांचं तीन. तेही शांत असलं तर. झोपून उठलं की लागते, जेवलं की लागते, खेळून दमलं की लागते आणि आनंद झाला की तर उभ्या उभ्या होते.

जितके महिने तितके तास, हा हिशेब मला फार आवडला. त्यानुसार पन्नाशीच्या माणसाला सहाशे तास, म्हणजे सलग पंचवीस दिवस थांबता यायला हवं. प्रत्यक्षात पन्नाशीला हिशेब उलट्या बाजूने सुरू झालेला असतो. रात्री दोन वाजता मी उठतो तेव्हा चकलीही उठते, आणि त्या क्षणी आमच्यात मालक कोण हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही.

खरी मेख पुढे होती. पिल्लाच्या लशी सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्होसारखा आजार रस्त्यावरच्या धुळीतून येतो, म्हणून तोवर खाली उतरवायचं नाही. आणि 'पायाखाली काय असलं की बसायचं' ही आवड पिल्लाच्या मनात पक्की व्हायला लागते ती आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमाराला. ज्या वयात जागा शिकायची, नेमकं त्याच वयात जागेवर जायला बंदी. हा अभ्यासक्रम कुणी आखला असेल ते असो, पण तो सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी आखलेला नव्हता. सातव्या मजल्यावरच्या पिल्लाला गवत माहीत नसतं, माती माहीत नसते. त्याला माहीत असते व्हिट्रिफाइड टाइल. टाइलवर पाणी पसरतं आणि पाय भिजतात, म्हणून ते शहाणं पिल्लू काहीतरी शोषून घेणारं शोधतं. चकलीने पायपुसणं शोधलं, गोधडी शोधली, कन्येची योगा मॅट शोधली. दारातल्या पायपुसण्यावर 'वेलकम' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे तिथे तरी तिला दोष देता येत नव्हता.

म्हणून डॉक्टर म्हणाले, वर्तमानपत्र पसरा. ते रोज थोडं थोडं बाथरूमकडे सरकवा. पिल्लू कागदामागून जाईल.

ऐकायला सोपं. पण आमच्या घरात वर्तमानपत्र पसरणं म्हणजे आधी आईची परवानगी. अक्षर म्हणजे सरस्वती. पाय लागला तर नमस्कार करायचा असतो, आणि इथे तर पाय लागण्यावर थांबणार नव्हतं. बऱ्याच चर्चेनंतर तडजोड झाली, की प्रत्येक पान आधी आई बघेल आणि मग खाली जाईल. रद्दीचा गठ्ठा घेऊन ती बसली. पहिलं पान बाद, कारण त्यावर देवळाचा फोटो. आतलं पान बाद, कारण त्यावर शिवाजी महाराज. निधनवार्तांचं पान बाद. "गेलेल्या माणसाने काय घोडं मारलंय?" राशिभविष्य बाद, कारण बाराही राशींत आमचं कुणी ना कुणी निघालंच. पाककृतींचं पान ती स्वतः कापून ठेवते. मग नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची रंगीत पानं निघाली. एक मोठा चेहरा, त्याच्या वर आणखी मोठे चेहरे, खाली शुभेच्छुकांचे स्टँप साइज चेहरे. मला वाटलं, हे तरी चालेल. आईने तेही बाजूला ठेवलं. "आज ज्याच्यावर बसवाल, तो उद्या कुठल्या पक्षात असेल सांगता येत नाही. उगाच वैर नको."

शेवटी उरल्या जाहीर सूचना. मुंबईच्या उपनगरांतल्या वर्तमानपत्रांत हा मजकूर कधी आटत नाही. तमाम जनतेस कळविण्यात येते की, अमुक मजल्यावरील सदनिकेचा मूळ करारनामा गहाळ झाला आहे, किंवा शेअर सर्टिफिकेट हरवलं आहे, किंवा मूळ मालक वारले असून वारसांनी हक्क सांगितला आहे, तरी कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे. आजवर या सूचना कोण वाचतं याचा मला पत्ता नव्हता. चकलीने त्या मनापासून हुंगल्या आणि प्रत्येकीवर हरकत नोंदवली. लेखी नव्हे, पण मुदतीच्या आत. मानीव अभिहस्तांतरणाचा विषय सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो. चकली त्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लावू लागली.

कागद सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत गेला आणि आम्हाला वाटलं, जमलं. पण शिक्षण नेहमी एक धडा जास्तच देतं. चकलीच्या डोक्यात 'बाथरूमजवळ' हा भाग गेलाच नाही, 'कागदावर' हा गेला. रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून, पोटावर पडून शब्दकोडं सोडवायची माझी जुनी सवय आहे. चार आडवे शब्द भरून झाले होते. पाचव्याच्या वेळी मला चकलीने तीन वेढे घेतलेले दिसले, पण तेव्हा मी चष्मा लावून होतो एवढाच काय तो फरक पडला.

मग आसनाचं प्रकरण घडलं. देवघरासमोर आईचं लोकरीचं आसन असतं. मऊ, जाड, शोषून घेणारं आणि सातव्या मजल्यावर गवताच्या सर्वात जवळ जाणारं. व्हायचं ते झालं. आईने काही न बोलता आसन धुवायला टाकलं, फरशी पुसली आणि शुद्धीसाठी कोपऱ्यातल्या बाटलीतलं गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी चकली तिथेच. पुन्हा पुसलं, पुन्हा शिंपडलं. तिसऱ्या दिवशी चकली आणखी विश्वासाने तिथेच.

इथे जरा चकलीच्या नाकाकडून विचार करायला हवा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी काही लाख, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. आपण पुसून, फिनेल टाकून 'गेला वास' म्हणतो तेव्हा तो फक्त आपल्यापुरता गेलेला असतो. कुत्रा वासावरून जागा ठरवतो. जिथे पूर्वी झालंय ती जागा योग्य, असा त्याचा पायंडा. आता चकलीला त्या कोपऱ्यात काय कळत होतं? की इथे आपण एकदा केलं, आणि त्यानंतर आपल्यापेक्षा कितीतरी मोठं, वजनदार, चार पायांचं कुणीतरी येऊन रोज करून जातंय. म्हणजे जागा नुसती योग्य नाही, प्रतिष्ठित आहे. बिचारी नेमाने हजेरी लावत होती. डॉक्टरांनी एन्झाइमचं द्रावण दिलं. ते लघवीतले वासाचे घटकच तोडतं. ते मारल्यावर तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्याची प्रतिष्ठा संपली. गोमूत्राची बाटली आता उंच फडताळात असते. तिचं पावित्र्य अबाधित आहे, फक्त पत्ता बदललाय.

या काळात रागावण्याचे प्रयोगही झाले. संध्याकाळी कामावरून यायचं, ओलं बघायचं आणि वर्तमानपत्राची सुरळी करून "हे काय? हे काय केलंस?" म्हणायचं. चकली कान पाडायची, मान खाली घालायची, डोळ्यांची पांढरी कड दाखवायची. आम्ही म्हणायचो, बघा, तिला कळतंय. कन्या म्हणाली, काही कळत नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमका याच चेहऱ्याचा अभ्यास छापला होता. कुत्र्याला खाऊ नको म्हणून सांगायचं, मालकाने बाहेर जायचं, आणि आत काय झालं ते मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगायचं. निष्कर्ष असा निघाला, की अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरत नाही. मालक ओरडला की नाही यावर ठरतो. ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे तर जास्तच अपराधी.

हे ऐकून मी क्षणभर गप्प झालो. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नुसतं "हे काय?" म्हणाल्या, की नक्की कशाबद्दल चाललंय याची चौकशी न करता मान खाली घालणारा प्राणी मी अगदी जवळून ओळखतो. त्याच्यावर अजून कुणी अभ्यास छापलेला नाही.

पिल्लाच्या मनात कृती आणि परिणाम यांची गाठ फक्त एक-दोन सेकंदांत पडते. दुपारच्या कृत्यावर संध्याकाळी ओरडलं, की त्याला एवढंच समजतं की संध्याकाळी हा माणूस बिघडतो. फार ओरडलं तर ते घाबरून तिथेच पुन्हा करतं. किंवा त्याहून वाईट, माणसासमोर करायचंच नाही असं ठरवून सोफ्यामागे जातं. मग रस्त्यावर नेऊन तासभर उभं केलं तरी बसत नाही, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. उलट योग्य जागी झालं, की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. घरी येऊन डबा उघडून दिलेला खाऊ हा डबा उघडण्याचा खाऊ, सूचा नव्हे.

शेवटी हे सगळं शास्त्र जिने प्रत्यक्षात उतरवलं ती आई. झालं असं, की एका पहाटे चकली उठली, वेढे सुरू झाले, आणि झोपेतून उठलेल्या आईने सवयीने तिला दोन्ही हातांत उचललं, बाथरूममध्ये मोरीच्या जाळीजवळ ठेवलं आणि तोंडाने आवाज काढला, "शूऽऽऽ". चकलीने कान टवकारले आणि काम उरकलं. "शाणी गो माझी बाय ती," असं म्हणून आईने तिथल्या तिथे तिला बिस्किटाचा तुकडा दिला. मराठी घरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या आहेत. मूल उठलं की पायांवर घ्यायचं, प्यायलं की घ्यायचं, शूऽऽ करायचं, झालं की कौतुक करायचं. परदेशातल्या श्वानशिक्षणाच्या पुस्तकांत हाच ऐवज वेळापत्रक, संकेत आणि बक्षीस अशा तीन प्रकरणांत मिळतो. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत, टोकाला एक संडास असताना, आईने तीन पोरांना हे शिकवलं होतं. चकली तिच्या लेखी चौथी, आणि तिच्याच मतानुसार चौघांत हुशार.

लशी संपल्या आणि शहराची परीक्षा सुरू झाली. खाली उतरल्यावर कळलं की सोसायटीच्या आवारात माती शिल्लक नाही. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. झाडं आहेत ती कुंडीत आणि कुंड्या कमिटीच्या मालकीच्या. गाड्यांचे टायर आहेत, पण प्रत्येक टायरला मालक आहे आणि तो मालक नेमका पहाटे खिडकीत. फाटकाबाहेर प्रत्येक खांबाला एक भाऊ आहे. तो तिथला जुना रहिवासी, चार पायांचा, एका कानाचा. चकलीने खांब हुंगला की तो उठून उभा राहतो आणि तिची कागदपत्रं तपासतो.

पहाटे पाच वाजता, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात छत्री, खिशात बिस्किटं आणि पिशवी अशा अवस्थेत कंपाउंडच्या भिंतीला तोंड करून मी "शूऽऽ, शूऽऽ" करत उभा असतो. छत्री चकलीच्या डोक्यावर, कारण पाऊस अंगावर पडला की ती बसत नाही. वॉचमन दुरून विचारतो, "साहब, हो गया क्या?" दूधवाला विचारतो. पेपरवाला सायकल न थांबवता विचारतो. सकाळी फिरायला निघालेले दुसऱ्या विंगमधले आजोबा थांबून काळजीने विचारतात, "झालं का?" पन्नाशीत हा प्रश्न चारचौघांत रोज ऐकण्याची मनाची तयारी नसते. त्यात त्या "शूऽऽ"चा चकलीपेक्षा माझ्यावर परिणाम अधिक लवकर व्हायला लागला होता.

बाहेर अर्धा तास काही न करता हुंगत हिंडायचं आणि वर येऊन दार उघडताच पायपुसण्यावर बसायचं, हा प्रकारही झाला. यामागे हट्ट नसतो, हिशेब असतो. बाहेर सू झाली रे झाली की आपण लगेच "चला घरी" म्हणून ओढत आणतो. पिल्लू दोन दिवसांत शिकतं, की सू केली की फिरणं संपतं. मग ते फिरणं वाचवतं. उपाय साधा. झाल्यावर लगेच परतायचं नाही, आणखी एक फेरी मारायची. सरकारी कचेरीत काम झाल्यावर आपण जसे पटकन निसटतो तसं इथे करायचं नाही.

एवढं होईपर्यंत सोसायटीत बातमी फिरलीच होती. सर्वसाधारण सभेत 'लिफ्टमधील ओलावा' हा विषय आला. वास्तविक आमच्या इमारतीत ओल कुठे नाही हा प्रश्न विचारावा. पावसाळ्यात जिन्यात गळतं, मीटर रूममध्ये झिरपतं, वरच्या बाथरूमचं खालच्या बेडरूममध्ये येतं. पण चकली आल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक थेंबाला मालक मिळाला होता. सहाव्या मजल्याच्या छतावरचा डागही आमच्या नावावर जमा होता. सीसीटीव्ही बघितला तेव्हा लिफ्टमधलं तळं पाण्याच्या वीस लिटरच्या जारचं निघालं. जार आणणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. पाणी पिण्याचं होतं म्हटल्यावर सगळे लगेच शांत झाले.

तरीही 'पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी' असा ठराव मांडला गेलाच. कन्येने उभं राहून वाचून दाखवलं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ म्हणून एक वैधानिक संस्था आहे, १९६२ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली. या मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताच्या जोरावरसुद्धा सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. मालकाने मात्र आपल्या प्राण्याचं उचलावं, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये. शेजारच्या मोटाबेन, ज्यांच्या भीतीने चकलीचं अंडं आम्ही पडदे ओढून उकडतो, त्या जीवदयेचा हवाला देत म्हणाल्या, "बिचारी बच्ची छे. पानी तो सबका गिरता है." ठराव बारगळला.

सभा संपवून आम्ही जिन्याने खाली आलो. प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्यात टाइल बसवलेली आहे. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्केचं चित्र, गुरू नानक. सर्वधर्मसमभाव या देशात सर्वात काटेकोरपणे कुठे पाळला जात असेल तर जिन्यात, पिचकारीच्या उंचीवर. देव तिथे पूजेला बसवलेले नाहीत, पहाऱ्यावर उभे केले आहेत. ज्या कोपऱ्यात टाइल लावायची राहून गेली, तो लाल आहे. त्याबद्दल सभेत विषय नव्हता, कारण कुठलाही कुत्रा पान खात नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चकलीसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी चारच होत्या. जागा जवळ ठेवा. वेळेवर न्या. झालं की तिथल्या तिथे कौतुक करा. चुकीच्या जागेचा वास पुरता घालवा. आणि दोन पायांच्या नागरिकांच्या बाबतीत शहरं नेमकं याच्या उलट करतात. जागा लांब, वेळेवर कुलूप, कौतुक शून्य, आणि चुकीच्या जागेचा वास असा जपलेला की डोळे मिटूनही माणूस तिथेच पोचावा. वर भिंतीवर 'येथे लघवी करू नये'. 'येथे करू नये' एवढंच शहर सांगतं. 'मग कुठे?' याचं उत्तर त्या पाटीवर नसतं. चकलीला वाचता येत असतं तर तीसुद्धा गोंधळली असती.

मीरा रोडहून चर्चगेट म्हणजे साधारण तासाभराचा प्रवास, आणि मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. उभ्याने जाणाऱ्या, तीन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकणाऱ्या बायका घरातून निघताना पाणी पीत नाहीत. हे प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं नाही, शहराने करून घेतलं. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, तेव्हा त्यांचा एक सवाल असा होता, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे कशासाठी? चकलीला निदान बिस्किट मिळतं.

आगगाडीतल्या संडासाचं श्रेय एका फणसाला देतात. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाचे बंगाली गृहस्थ फणस खाऊन गाडीत बसले. पोट फुगलं, म्हणून अहमदपूर स्टेशनात उतरून आडोशाला गेले. तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, फलाटावर सगळ्यांसमोर पडले आणि गाडी गेली. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबाला असं काही झणझणीत पत्र लिहिलं, की ते आजही प्रसिद्ध आहे. त्यानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांतही संडास आले असं सांगतात. प्रवाशांचं भागलं. गाडी चालवणाऱ्याचं मात्र राहूनच गेलं. या देशात रेल्वे धावू लागली १८५३ साली, आणि इंजिनात संडास आला २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. एकशे त्रेसष्ट वर्षं सगळी आगगाडी ज्याच्या हातात, त्याने पुढच्या स्टेशनपर्यंत दम धरायचा. पिल्लाच्या हिशेबाने हे फारच झालं.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. पाट्या काढून टाकाव्यात. देवांना जिन्यातून सुट्टी द्यावी. शंभर पावलांवर एक, अशा उघड्या आणि धुतलेल्या मुताऱ्या असाव्यात, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी सारख्याच फुकट. आणि प्रत्येकीच्या दाराशी एक प्रेमळ माणूस नेमावा, शक्यतो लालबागची एखादी आजी. योग्य जागी जाऊन आलेला नागरिक बाहेर पडला, की दोन सेकंदांच्या आत तिने त्याच्या पाठीवर थोपटून "शाणा गो माझा तो" म्हणावं आणि हातावर ग्लुकोज बिस्किट ठेवावं. चकलीला समजायला काही आठवडे लागले. प्रौढ पुरुषाला दुप्पट लागतील असं धरू. सोय झाल्यावरही भिंतच आवडणारे काही निघतील. त्यांच्यासाठी एन्झाइमचं द्रावण आहेच, भिंतीवर मारायला.

योजना वर गेली तर कुठे अडेल तेही मला दिसतंय. बिस्किटांचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? आरोग्य विभाग म्हणेल, हा प्रशिक्षणाचा विषय आहे, पशुवैद्यकीय विभागाकडे पाठवा. आणि पशुवैद्यकीय विभाग फाइलवर शेरा मारेल, की आमच्याकडील प्राण्यांना आता याची गरज उरलेली नाही.